विषय क्रमांक सात: सिनेमाचा शेवट

आमच्या घरात दर रविवारी सकाळी दहा वाजता मीटिंग भरते. हसू नका. लग्न करून मी या घरात आले तेव्हा मीही हसले होते, आणि पहिल्याच रविवारी पोह्यांच्या बशीआड तोंड लपवायची वेळ आली होती. माझे सासरे एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. साताऱ्याहून विशीत बेंगळुरूला आले आणि इथलेच झाले. कारखान्यात प्रत्येक बिघाडाची नोंद व्हायची. कारण सापडेपर्यंत तो विषय ‘ओपन’, आणि कारण सापडून सगळ्यांच्या सह्या झाल्या की ‘क्लोज्ड’. नोकरी संपली, खोड काही गेली नाही. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये गळका नळ, गॅसचा सिलिंडर, पाण्याचा टँकर, कुणाच्या लग्नाला कोण जाणार, हे सगळं एका लांबड्या रजिस्टरमध्ये, दर महिन्याला नव्यानं एकपासून, क्रमांकानं उतरतं.

बाबा अध्यक्ष. माझा नवरा सभासद. मी चिटणीस, कारण माझं अक्षर बरं. सासूबाईंचं पद काय, ते नऊ वर्षांत ठरलं नव्हतं. त्या पोहे आणायच्या, कपबशा न्यायच्या, आणि मत विचारलं की म्हणायच्या, “तुम्ही ठरवाल ते.”

मी निपाणीची. आमच्याकडे भांडण अंगणात होतं, मराठी अपुरी पडली तर कानडीत होतं, आणि जेवायच्या वेळेला मिटतं. अजेंडा लागत नाही. इथे मला नऊ वर्षांत कुणी एकदाही ओरडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे सासुरवासाची गोष्ट ऐकायला कुणी बसलं असेल तर त्यानं खुशाल उठावं. मला मूल नाही, त्यावरूनही कुणी कधी चकार शब्द काढला नाही. सगळी माणसं चांगली. तीच तर पंचाईत होती. वाईट माणसांवर निदान चिडता येतं.

मी आनेकलच्या एका लहान कारखान्यात काम करते. तिथे रबराच्या रिंगा आणि वॉशर बनतात. ते ताणायचे, तापवायचे, तेलात बुडवून ठेवायचे आणि टिकतात की नाही ते बघायचं, हे माझं काम. मला ते मनापासून आवडतं. तर दोन-तीन महिन्यांपूर्वी कंपनीनं कच्छमध्ये नवा कारखाना काढला आणि तिथली प्रयोगशाळा पहिल्या टेबलापासून उभी करायला मला विचारलं. दोन वर्षांसाठी. हाताखाली सहा माणसं. शुक्रवारी साहेबांनी बोलावून सांगितलं, संध्याकाळी पत्र मेलवर आलं. उत्तर द्यायला पुढच्याच्या पुढचा सोमवार, म्हणजे दहा दिवस होते.

मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी त्या प्रयोगशाळेत ओव्हन कुठे ठेवायचा ते ठरवत होते. आणि घरी मी एक अक्षर बोलले नाही. नाही म्हणतील म्हणून? छे. नाही म्हटलं असतं तर मी निपाणी दाखवली असती त्यांना. मी भ्याले ती त्याचा विषय होईल याला. त्याला क्रमांक पडेल, फायदे डावीकडे, तोटे उजवीकडे लिहिले जातील, आणि ते लिहायचेही मीच, माझ्या बऱ्या अक्षरात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बाबांचा वाढदिवस होता. नवऱ्यानं व्हाइटफील्डच्या मॉलमध्ये दुपारच्या खेळाची चार तिकिटं काढली. इंग्रजी सिनेमा, अंतराळातला. बाबांना यंत्रं आवडतात म्हणून. गोष्ट साधी होती. खूप लांबच्या एका गोठलेल्या चंद्रावर एक बाई एकटी एक केंद्र सांभाळत असते. अकरा वर्षं. काचेच्या पेटीत टोमॅटोची रोपं लावते, यंत्रांशी भांडते, स्वतःशी पत्ते खेळते. शेवटी तिला न्यायला यान येतं. दाराबाहेर तिचा नवरा उभा. दार आतूनच उघडतं, त्याला जहाजावर असतं तसलं एक चाक. नवरा म्हणतो, “उघड, मी आलोय.” ती चाकावर हात ठेवते. आपण श्वास रोखतो, आणि पडदा पांढराफटक होतो. पुढे थेट नावं.

थिएटरात आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी कानडीत ओरडलं, “एनप्पा इदु!” म्हणजे, हे काय रे बाबा! कॉलेजच्या पोरांचा एक घोळका उभा राहून टाळ्या वाजवू लागला. आमच्या पुढच्या रांगेतली बाई नवऱ्याला हिंदीत झापत होती, की तूच आणलंस मला इथे. एक आजोबा जागेवरून हलेनात, दिवे लागले तरी त्यांना वाटत होतं अजून आहे. आणि मी रडत होते. नवऱ्यानं विचारलं, काय झालं गं? एसीचा वारा डोळ्यांवर येतोय, म्हटलं.

व्हाइटफील्डहून एचएसआरला यायला आम्हाला त्या दिवशी सव्वादोन तास लागले. टॅक्सी दहा पावलं जायची आणि थांबायची.

“उघडते,” नवरा म्हणाला. “उघड आहे. रेशन संपत आलेलं दाखवलंय. नाही उघडलं तर खाणार काय?”

“उघडते,” बाबा म्हणाले, “पण रेशनचा संबंध नाही. चाक फिरलं. मी बघितलं. साधारण पाच अंश.”

“फिरलं नाही, बाबा. तिचा हात थरथरला.”

“हात थरथरेल, चाकाची सावली कशी थरथरेल? सावली सरकली.”

सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. “त्या टोमॅटोंना आता पाणी कोण घालणार?” त्या म्हणाल्या. दोघंही खो खो हसले. आमचा ड्रायव्हर अण्णा इतका वेळ गप्प होता, त्यानं आरशातून बाबांकडे बघत हिंदीत विचारलं, की साहेब, नेमकं काय झालं? बाबांनी त्याला अथपासून इतिपर्यंत गोष्ट सांगितली, वेळ होताच. तो विचार करून म्हणाला, “मी असतो तर उघडलं नसतं. अकरा वर्षं हॉर्न नाही ऐकला हो त्या बाईनं.”

मला कुणी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, विचारलं तेव्हा मी “बघू” म्हणाले. मला ओरडून सांगायचं होतं, की नाही उघडत ती, आणि तुम्हाला ते दिसत नाही याचंच मला नवल वाटतं. पण पुढचा प्रश्न ‘का?’ आला असता. दोन्हीकडून दारं लावलेल्या त्या गाडीत, मागच्या सीटवर मधोमध बसून, ‘का’चं उत्तर द्यायची माझी छाती नव्हती.

रविवारी रजिस्टरमध्ये मीच लिहिलं: विषय क्रमांक सात, सिनेमाचा शेवट, ओपन.

तो आठवडा म्हणजे कहर होता. नवऱ्यानं महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर प्रश्न टाकला आणि तिथे दोन तट पडले. गणपतीच्या वर्गणीवरून बोलणं टाकलेली माणसं सिनेमावरून एक झाली आणि एका ताटात जेवणारी माणसं एकमेकांना अडाणी म्हणू लागली. एका काकांनी लिहिलं, दिग्दर्शकाला शेवट सुचला नाही, एवढंच. नाचता येईना अंगण वाकडं. एक ताई म्हणाल्या की ती उघडते, कारण कुठलीही बाई शेवटी घरीच येते. त्यावर बावीस जणांनी पसंतीचा अंगठा टाकला. मी ते अंगठे कितीदा मोजले असतील, देव जाणे. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, “अक्का, ती मेलीय. पहिल्याच सीनमध्ये मेलीय. बाकी सगळं तिला वाटतंय.” तिला मी चहा पाजला. सगळ्यांत सुटसुटीत मत तिचंच होतं.

बाबांनी तर ध्यासच घेतला. सोमवारी एकटे जाऊन सिनेमा पुन्हा बघून आले. येताना रिक्षावाल्याला सांगत होते, “अण्णा, स्वल्प निधाना,” जरा सावकाश, कारण मांडीवर कागद ठेवून त्यांना चाकाचं चित्र काढायचं होतं. रोज रात्री जेवताना दार, चाक, सावली. मी भात कालवत बसायचे. रोज ठरवायचे, आज सांगायचं. रोज कुणीतरी म्हणायचं, उघडते, आणि माझा घास तिथेच अडायचा. शुक्रवार उजाडला. शनिवार गेला.

त्या रविवारी बाबा म्हणाले, “आज हा विषय क्लोज करायचा. प्रत्येकानं स्वतंत्र लिहायचं. एकमेकांशी बोलायचं नाही, सही करायची नाही. कारखान्यात आम्ही असंच करायचो. मोठ्या साहेबासमोर लहान माणूस खरं बोलत नाही, पण लिहितो.” आणि त्यांनी खणातून पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या काढल्या.

पाठकोरे कागद म्हणजे या घरातला देवधर्म. एका बाजूला छापलेला कुठलाही कागद इथे फेकत नाहीत. विजेचं बिल असो, नवऱ्याच्या शाळेची जुनी प्रश्नपत्रिका असो, बाबा त्याचे स्टीलच्या पट्टीनं चार सारखे तुकडे करतात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहिली जाते. नऊ वर्षांत तो संस्कार माझ्याही अंगात भिनलाय. आणि इथेच मी माती खाल्ली. गुरुवारी मी ते पत्र घरच्या प्रिंटरवर काढलं, सही करायला. पहिली प्रत शाईनं फराटली. मी दुसरी काढून पर्समध्ये ठेवली, आणि फराटलेली? फाडायची, जाळायची, गिळायची! मी ती मुकाट्यानं उलटी करून पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली. हातानं ठेवली, डोक्याला विचारलंच नाही.

आम्ही लिहिलं. बाबांनी चिठ्ठ्या गोळा केल्या आणि एकेक उचलून वाचू लागले. “उघडते, दुसरं काय करणार.” ही नवऱ्याची, सांगायला नको. “उघडते. सावली पाहावी.” हे ते स्वतः. तिसरी सासूबाईंची: “मला काय विचारता.” बाबांनी ती बाद ठरवली. चौथी माझी. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, “नाही उघडत. तिला यायचंच नाही.”

पण समोर बसलेला माझा नवरा चिठ्ठीची पाठ बघत होता. “बाबा, उलटं करा बघू,” तो म्हणाला. “कच्छ काय आहे त्यावर?”

मग काय! बाकीच्या तीन चिठ्ठ्याही उलट्या झाल्या. बाबांनी चारही तुकडे टेबलावर जुळवले, आणि माझं पत्र आमच्या चौघांच्या मधोमध, पोह्यांच्या बशीशेजारी, अख्खं होऊन पडलं. शाईच्या फराट्यासकट. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी, रजिस्टर, प्रिंटर सगळं एकदम आत जावं.

“अगं, मग सांगायचं ना!” नवरा म्हणाला. रागावला नाही हो तो. रागावला असता तर! “जा की. मी काय अडवलंय का? दोन वर्षं काय, अशी जातील.” आणि त्यानं फोनवर विमानांच्या वेळा बघायला सुरुवात केली.

बाबा म्हणाले, “उत्तम संधी आहे. उद्या शेवटची तारीख? सरी, ठीक आहे. विषय क्रमांक आठ. लिही.” मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखं बरंच आलं. “तोटा मला एकही दिसत नाही. सर्वांची ना हरकत, असं नोंदव.”

मी पेन टेकवलं. दहा दिवस ज्यासाठी घास अडत होता ते दहा मिनिटांत मंजूर झालं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू येत होतं. नऊ वर्षं या माणसांबरोबर राहिले, आणि माझं जाणं टँकरपेक्षा लवकर क्लोज होत होतं.

“माझी आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“काय आहे?” बाबांनी विचारलं.

“हरकत.”

त्या कपबशा उचलायला उठल्या होत्या. हातातल्या बशा तशाच धरून त्या उभ्या होत्या. “ती गेली की मी दिवसभर कुणाशी बोलू? तुम्ही चाक बघता, हा लॅपटॉप बघतो. संध्याकाळी ती आली की मला घरात कुणी आलं असं वाटतं. तिनं जाऊ नये. लिहा.”

 बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “नोंद घे,” ते मला म्हणाले. मी ती नोंद घेतली. माझ्याच जाण्याला हरकत, माझ्याच अक्षरात. राग इतका आला की कानशिलं तापली. याच वेळी बोलायचं होतं का बाईंना? आणि त्याच क्षणी मला त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडावंसं वाटलं, कारण त्या घरात मी हवी आहे असं म्हणणारं तेवढं एकच माणूस निघालं.

त्या दिवशी आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. रात्रभर मी कूस बदलत होते. नवरा घोरत होता. मी स्वतःला सांगत होते, की म्हाताऱ्या बाईला असं टाकून जायचं कसं? ऐकायला छान वाटत होतं ते. खरी गोष्ट अशी, की मी घाबरले होते. परकं गाव, परकी भाषा, सहा अनोळखी माणसं, आणि चुकलं तर चूक माझी. मला मागे फिरायला कारण हवं होतं, आणि सासूबाईंनी ते आयतं हातात दिलं होतं. सोमवारी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, घरी अडचण आहे, जमणार नाही. ते म्हणाले, “ओके, नो प्रॉब्लेम.” त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांनी दुसऱ्या एकाला बोलावलं आणि तीन वाजता तो कच्छला जाण्याचे पेढे वाटत माझ्या टेबलाशी आला. मी पेढा घेतला. खाल्लाही.

घरी पोचले तेव्हा सहा वाजले होते. सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून अवरेकाळू, म्हणजे आपले पावटे, सोलत होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं, “नाही म्हणून आले.”

त्यांचा हात थांबला. “कशाला?”

“कशाला म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, जाऊ नये.”

“अगं, मी म्हणाले!” त्यांचा आवाज इतका चढला की मी दचकले. नऊ वर्षांत मी तो ऐकला नव्हता. “आयुष्यात एकदा मनातलं बोलले मी. बोलले म्हणजे तू थांबायचंस, असं कुठे होतं? मला वाटलं, ही निपाणीची. भांडेल माझ्याशी, चार शब्द सुनावेल आणि जाईल. रात्री तुझ्यासाठी चटणी कुटायला घेतली होती मी, न्यायला. आणि तू ऐकलंस? माझं?”

“मग रात्री सांगायचं होतंत तसं!” मीही ओरडले.

“काय सांगायचं होतं? की माझं ऐकू नकोस?”

 त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडू लागल्या. माझा नुसता संताप झाला. रडायचं मला होतं, आणि तिथेही त्यांनी आधी नंबर लावला. मी परात ओढून घेतली आणि शेंगा सोलायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, माझा गुडघा धरला आणि म्हणाल्या, “उद्या सकाळी जा आणि सांग त्यांना, घरची अडचण मिटली म्हणून. सासूनं पाठवलंय म्हण. ऐकतील ते. सांगशील ना?”

“सांगते,” मी म्हणाले.